सरव्याचा कोपरा

एका लिंबाची किंमत किती? मंडईत विचाराल तर दोन-तीन रुपये, ऐन उन्हाळ्यात फार तर आठ-दहा. पण आमच्या मंडळीत एक लिंबू सातशे रुपयांना गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि घेणाऱ्यानं ते खिशात न टाकता, "लावा पुन्हा लिलावाला," म्हणून परत टेबलावर ठेवलेलंही पाहिलंय. मग तेच लिंबू चारशेला गेलं. एक भोपळा तर एका वर्षी तीनदा विकला गेला आणि शेवटी त्याची भाजी सगळ्यांच्याच जेवणात आली.

हा आमचा कापणीचा सण. दिवाळी सरली, कंदील उतरले की नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी आम्ही तो करतो. शेत असेल त्यानं पिकातलं पहिलं आणायचं, शेत नसेल त्यानं परसातलं, कुंडीतलं, नाही तर पगारातलं. चर्चच्या पुढच्या बाजूला उसाची मोळी, केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, पोती, टोपल्या. उपासनेनंतर लिलाव आणि मग पंगत. त्या दिवशी चर्चला चर्चचा वास येत नाही, बाजार समितीचा येतो!

मंडळी हा शब्द वाचून गोंधळू नका हं. आम्ही चर्चला आणि चर्चच्या माणसांना, दोघांनाही मंडळीच म्हणतो. आमची मंडळी छोटी. सगळी मिळून चाळीस-बेचाळीस घरं. शिक्षक, नर्स, एसटीतले, एमआयडीसीतले कामगार, दोन-चार शेतकरी, धुणीभांडी करणाऱ्या बायका. एवढ्याशा मंडळीत कुणाच्या घरी काय शिजतंय तेही सगळ्यांना कळतं आणि कुणाच्या घरी काहीच शिजलं नाही, तेही कळायला हवं. पण ते कळतंच असं नाही, हे मी जरा उशिरा शिकले. त्याचीच ही गोष्ट.

माझं माहेर सातारा, सासर सांगली. साताऱ्याला शाळेत वर्गात ख्रिस्ती मी एकटीच. नवरात्रात मैत्रिणींबरोबर भोंडल्याला फेर धरायचा, दसऱ्याला आपट्याची पानं वाटायची, आणि रविवारी संडेस्कूलला जायचं. यात काही वेगळं आहे असं वाटायचंच नाही. पुढे बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली आणि सरांनी सांगितलं, "अगं, तुझं गाव म्हणजे टिळकांचं शेवटचं कार्यक्षेत्र." रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात आले आणि तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकाला त्या दरबारात जागा होती. पुढे दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते मुंबईत गेले. पण त्यांची भजनं आमच्या घरात रोजची. माझे वडील दाढी करतानाही तीच म्हणायचे. पेटी, तबला, टाळ, आणि मांडी घालून बसलेली माणसं. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, एकादशीचं भजन चाललंय.

लग्न होऊन सांगलीला आले तर इथलं वळण थोडं निराळं. साताऱ्याकडे काम केलं ते अमेरिकन मराठी मिशननं. सांगली-मिरज-कोल्हापूरकडे प्रेस्बिटेरियन मिशननं. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली इकडे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला नाव पडलं ते त्यांच्यावरूनच. माझे सासरे मिरजेच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यामुळे घरात सगळं वेळेवर, मोजून-मापून, बाटलीवर चिठ्ठी लावल्यासारखं. १९७० साली नागपूरला उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि दोन्हीकडच्या बऱ्याच मंडळ्या एका छत्राखाली आल्या. चाली मात्र एक झाल्या नाहीत! तेच गीत साताऱ्याला धावतं आणि सांगलीला सावकाश चालतं. लग्नानंतर वर्षभर मी प्रत्येक ओळीत सगळ्यांच्या आधी संपवून गप्प उभी राहायचे.

पण कापणीचा सण दोन्हीकडे होता. फरक फक्त टोपलीत. साताऱ्याला जावळी-पाटणकडचा भात, नाचणी, कोरेगावचा घेवडा, आलं. सांगलीला भुईमूग, सोयाबीन, हळकुंडं, तासगावकडचे बेदाणे आणि गुळाची ढेप. आमचा शरद ऋतू असाच ओळखायचा. ऑक्टोबरच्या उन्हात अंगाची लाही होते, शेजारी घट बसलेले असतात, द्राक्षबागांची छाटणी चालू असते, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, ऊसतोडीच्या बैलगाड्या रस्त्याला लागतात. दिवाळीला चार घरांचा फराळ आमच्याकडे येतो. नाताळात आमच्या करंज्या त्या चार घरी जातात. डबे कुणाचे कुणाकडे राहिले याचा हिशेब सासूबाईंनाच ठाऊक असायचा.

मला कुणी विचारतं, हा सण तुमचा की साहेबाचा? दोघांचाही. चर्चमधला कापणीचा सण आज ज्या पद्धतीनं होतो ती पद्धत इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ साली पाडली. अमेरिकेतले लोक नोव्हेंबरात उपकारस्मरणाचा दिवस पाळतात, तो आणखी वेगळा. पण मूळ फार जुनं. बायबलमध्ये यहुदी लोकांचा मांडवांचा सण आहे, तो नेमका शरदातला. धान्य, द्राक्षं घरात आली की सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात जाऊन राहायचं. कशासाठी? तर आपले वाडवडील बेघर होते, रानात तंबू ठोकून राहत होते, याची आठवण म्हणून. घर भरलेलं असताना मुद्दाम बेघर होऊन बघायचं.

आणि त्याच नियमांत आणखी एक आहे, तो मला फार आवडतो. पीक कापताना शेताचा कोपरान् कोपरा कापू नये. खाली पडलेली कणसं वेचू नयेत. ती गरिबाला आणि परक्याला राहू द्यावीत. आपल्याकडे शेतात राबलेल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. सरवा वेचणं म्हणजे काय, हे आजही त्यांना ठाऊक आहे. भुईमूग काढून झाला की मागं राहिलेल्या शेंगा उकरून काढणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्यात. बायबलातली रूथ हेच करत होती. परदेशातली, परजातीची, नवरा वारलेली. सासूला एकटी सोडणार नाही म्हणून तिच्या गावी आली आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवलं. सासू-सुनेची इतकी चांगली गोष्ट असताना आमचे मालिकावाले विष कालवण्यात का रमतात, देव जाणे!

आता माझी चूक सांगते.

२०१६ साली मी आमच्या महिला मंडळाची खजिनदार होते. बचत गटांचं काम करून हिशेबाचा हात बसलेला, माईकची भीती गेलेली. सणाच्या दिवशी कुणी काय आणलं त्याची यादी वाचायची पद्धत होती, ती माझ्याकडे आली. अमुक साहेब, एक पोतं सोयाबीन. तमुक सर, पाच हजार रुपये. टाळ्या. यादीच्या शेवटी एक नाव होतं. नाव इथं लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो. कुपवाडच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, पदरी एक नातू. त्यांच्या नावापुढं लिहिलं होतं, एक मापटं ज्वारी.

मी ते वाचलं आणि वर आपली हुशारी म्हणून माईकवर म्हटलं, "मापटं का होईना, आलं हे महत्त्वाचं!" हशा पिकला. वाईट हेतूनं कुणी हसलं नाही. मीही नाही. गंमत बघा, त्याच सकाळी पाळकसाहेबांनी गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन नाण्यांवर उपदेश केला होता आणि मी मान डोलवत ऐकला होता.

पुढच्या वर्षी सणाला मावशी नव्हत्या. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हत्या. इतर रविवारी यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या, शेवटचं गीत चालू असतानाच निघून जायच्या. माझ्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर मी ते लक्षात घेतलं नाही. बाहेर बचत गटात बायकांना आत्मसन्मानावर भाषणं देत होते की!

मग आलं २०१९ चं ऑगस्ट.

सांगलीकरांना कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाच्या फुटांत मोजायची सवय आहे. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५ च्या पुरात पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं होतं, आणि आमच्या घराच्या भिंतीवर ती रेघ तेव्हापासून होती. पाहुणे आले की आम्ही ती कौतुकानं दाखवायचो. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही शहाण्यासारखं त्या रेघेच्याही हातभर वर सगळं सामान रचलं. गहू, तांदूळ, गाद्या, मुलीची पुस्तकं, सासऱ्यांचं बायबल. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. रेघ कुठं राहिली, ते दिसेनासंच झालं.

आम्हाला नावेतून काढलं. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळची नाव उलटली आणि माणसं गेली, ते ऐकल्यावर आपण नावेत बसलो होतो या आठवणीनंच माझे हातपाय गार पडले. आम्ही माळाच्या बाजूला एका शाळेत. चौथीच्या वर्गात सात कुटुंबं. फळ्यावर अजून बेरजा होत्या. मला मांडवांच्या सणाची आठवण झाली, पण खरं सांगते, त्यात भक्ती काही नव्हती. चिडचिड होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी वर्गाच्या दारात मावशी. डोक्यावर प्लास्टिकचं पोतं पांघरलेलं, हातात फडक्याची गाठोडी. मंडळीतलं कोण कुठल्या शाळेत आहे हे विचारत विचारत त्या तीन शाळा फिरून आल्या होत्या. गाठोडीत ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी. "खावा गरम हायती तवर," एवढंच म्हणाल्या. माझ्या सासूबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढच्या वर्गात गेल्या. माझ्या तोंडून आभारसुद्धा नीट निघाले नाहीत.

सांगलीची ही एक गंमत आहे. गंमत कसली म्हणा! नदीकाठचं गाव जुनं, पेठा जुन्या, घरं बांधलेली, माणसं ऐपतीची. पूर येतो तो आधी तिथं. आणि ज्यांना गावात जागा परवडली नाही, ते लांब माळावर गेले, पत्र्याखाली. पाणी तिथं पोचत नाही. त्या वर्षी आमच्या मंडळीतली निम्मीअधिक घरं बुडाली, ती सगळी बऱ्यापैकी खात्यापित्या माणसांची.

पाणी उतरल्यावर चर्च उघडलं. गुडघाभर गाळ. बाकं तरंगून एकमेकांवर चढलेली, पेटीचा भाता फाटलेला, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या भिजून फुगलेल्या. पानं एकेक सोडवून आम्ही बायकांनी ती पंख्याखाली वाळवली. मुलींनी गाळ ओढला. शेजारच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची मुलं आपलं आटोपून आमच्याकडे खराटे घेऊन आली, त्या वर्षी त्यांनीही गणपती साधाच केला होता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी बैठक बसली. विषय, यंदा कापणीचा सण करायचा की नाही.

मी म्हटलं, नको. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यासमोर टोपल्या कसल्या मांडायच्या? पंचकमिटीचे खजिनदार म्हणाले, "ताई, भावना ठीक आहेत. पण लिलावात वर्षाला साठ-सत्तर हजार येतात. पाळकांच्या पगारातला आपला वाटा त्यातून जातो. पत्रे बदलायचेत, बाकं करायचीत. सण नाही तर हे कुठून आणू?" मला त्यांचा राग आला. पण त्यांचं तरी काय चुकलं होतं? भक्तीलाही वीजबिल येतं.

तास-दीड तास वाद झाला. मग शेवटच्या बाकावरून मावशी उठल्या. बैठकीत त्या कधी बोललेल्या कुणाला आठवत नाहीत.

"मी काय म्हंते," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं पाणी आलं, आमच्याकडं न्हाई आलं. मग आवंदा आमी आणतो की! दरवर्षी तुमी आणायचं आन् आमी टाळ्या वाजवायच्या, असं लिवलंय व्हय कुठं?"

कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनीच मग रूथची गोष्ट काढली, सरव्याची. शेताचा कोपरा राखायचा तसा सणातही एक कोपरा राखूया, म्हणाले. जे धान्य येईल ते लिलावाला नाही लावायचं. कोपऱ्यात ठेवायचं. ज्याला लागेल त्यानं न्यावं, नाव लिहायचं नाही, विचारायचं नाही. बाकीच्या वस्तूंचा लिलाव करू. आणि यादी वाचायची नाही. हे शेवटचं वाक्य मी बोलले, बसूनच, माईक न घेता.

मध्ये दिवाळी गेली आणि ती जाता जाता परतीचा पाऊस पुन्हा झोडपून गेला. पुरातून वाचलेलं सोयाबीन शेतात कुजलं. द्राक्षबागांच्या छाटण्या झाल्या होत्या, कोवळ्या घडांवर दावण्या पडला. आमच्या मंडळीतल्या एका बागायतदाराची बाग डोळ्यांसमोर गेली. त्यांच्या पत्नी रडत नव्हत्या, नुसत्या बसून असायच्या. मला वाटलं, आता सण होत नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी चर्चसमोर टेम्पो उभा राहिला. माझा भाऊ आणि माहेरच्या मंडळीतली चार माणसं. साताऱ्याच्या मंडळीनं त्यांचा सण एक आठवडा आधी केला होता आणि आलेलं सगळं टेम्पोत भरलं होतं. इंद्रायणी तांदळाचा वास आधी आला, मग पोती दिसली. घेवडा, नाचणी, आल्याची पिशवी, आणि माझ्या वहिनीनं सासूबाईंसाठी दिलेली गोधडी. भाऊ म्हणाला, "लिलाव करायचा होता, पण बाबा म्हणाले, लेकीच्या गावाला पोतं विकून पैसे पाठवतात का?"

मग माळावरची माणसं आली. मावशींनी ज्वारी आणली, या वेळी मापटंभर नाही, पायलीभर. त्यांच्या शेजारणीनं चार अंडी. ही शेजारीण ख्रिस्ती नाही, पण आली. एका रिक्षावाल्यानं दिवसाची कमाई. एकानं परसातला दुधी. आणि पूर आलेल्या घरांनीही काही ना काही आणलंच. गाळातून काढून धुतलेली, डाग न गेलेली हळकुंडं. पाण्याखाली राहून जगलेलं एक जास्वंदीचं रोप. बागायतदारांच्या पत्नीनं गेल्या हंगामातले बेदाणे आणले होते, माळ्यावर डब्यात राहिलेले, ओंजळभर. पाळकसाहेबांनी त्या दिवशी हबक्कूक संदेष्टा वाचायला घेतला. अंजीर नाही, द्राक्ष नाही, शेतात अन्न नाही, तरीही मी आनंद करीन, असं म्हणणारा माणूस तो. दरवर्षी ऐकलेलं वचन. त्या वर्षी द्राक्षाचा शब्द आला तशी अख्खी रांग खाली बघायला लागली.

लिलाव झाला. लिंबू दीडशेला गेलं.

आणि मग मोठी पंचाईत झाली. कोपऱ्यातलं धान्य कुणी घेईना!

पंगत उठली, पातेली घासून झाली, तरी पोती तशीच. प्रत्येक जण आडून बघत होता आणि दुसऱ्याकडं बोट दाखवत होता. "त्यांना जास्त गरज आहे हो." जन्मभर देणाऱ्या हातांना घेता येईना. शाळेत शिकवणाऱ्या आमच्या एक बाई, त्यांच्या घरात तर चूलसुद्धा राहिली नव्हती, पण त्या पर्स सावरून निघाल्या. खजिनदार मला हळूच म्हणाले, "सांगितलं होतं ना? आता हे आठवडी बाजारात विकावं लागणार."

मावशी पातेलं पुसत माझ्याजवळ आल्या. पदराआडून एक मापटं काढलं. पितळेचं, जुनं, काठाला चेपलेलं. त्यांचं घरचं.

"वैनी, आदी तुमी घ्या."

"अहो, आमचं चाललंय तसं. यांचा पगार चालू आहे."

"तुमच्याकडं पाणी आलंय का न्हाई?"

"आलंय."

"मग घ्या. तुमी घेतल्याबिगर हितं कोन हात लावनार न्हाई. तुमी मोठ्या हाय."

मैत्रिणींनो, मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी भाषणं केली, मोर्चात गेले, कलेक्टर कचेरीत भांडले. पण त्या कोपऱ्यापर्यंतची दहा पावलं चालताना माझे कान तापले होते. सगळे बघत होते. मी पदर पुढं केला आणि मावशींनी मापटं ज्वारीत बुडवून, हातानं सपाट करून, माझ्या ओटीत घातलं. लग्नात ओटी भरतात तसं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, त्या वर्षी मी माईकवर..." त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही. "कवाचं काय काढताय! धरा नीट, सांडंल."

त्यानंतर शाळेतल्या बाई परतल्या. मग बागायतदारांची सून. मग एकेक. अंधार पडेपर्यंत पोती रिकामी. शेवटी एक ऊसतोडीचं जोडपं आलं, नगरकडचं, तिकडच्या एका मंडळीतलं. कारखान्यावर आल्यापासून चर्च शोधत होते म्हणे. त्यांना सण वगैरे काही माहीत नव्हतं. उरलेली नाचणी त्यांनी नेली, आणि जाताना त्या बाईनं उंच आवाजात एक भजन म्हटलं. साताऱ्याची चाल! माझ्या भावानं टेम्पोच्या दांडीवर ठेका धरला.

पैशांचं म्हणाल तर खजिनदारांचं भाकीत खरं झालं. लिलावात जेमतेम सोळा हजार आले. पाळकसाहेबांनी दोन महिने अर्ध्या पगारावर काढले, त्यांच्या पत्नीला ते किती जड गेलं हे आम्हा बायकांना माहीत आहे. नाताळाआधी महिला मंडळानं करंज्या, चकल्या, खारी शंकरपाळी यांच्या ऑर्डरी घेतल्या आणि खड्डा थोडा भरला. पत्रे मात्र दोन वर्षं तसेच गळत राहिले.

२०२० ला कोरोनामुळे चर्चचं दार बंद. दिवाळीच्या पाडव्याला प्रार्थनास्थळं उघडली, पण पंगत नव्हती, लिलाव नव्हता. कोपरा तेवढा होता. काम सुटलेल्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच न लाजता नेलं. जुलै २०२१ मध्ये कृष्णेनं पुन्हा झोप उडवली. तेव्हापासून आमच्याकडे लिलाव चालू आहे, लिंबू परत सहाशे-सातशेवर गेलंय, पण यादी कुणी वाचत नाही आणि धान्याचं एक पोतं तरी कोपऱ्यात राहतं.

सगळं गोडगोड आहे असं समजू नका. एकदा एक गृहस्थ चारचाकी घेऊन आले आणि अर्धं पोतं घालून गेले. बैठकीत दंगा झाला. नावं लिहा, कूपन काढा, रेशनकार्ड बघा. मीही त्या दिवशी कूपनच्याच बाजूनं होते. मावशी म्हणाल्या, "गाडीवाल्याला बी भूक लागती. न्हेऊ द्या." मला ते अजूनही पटलेलं नाही. त्यावरून आमचं दरवर्षी थोडं वाजतं.

मावशींच्या गुडघ्यांनी आता दगा दिलाय. धुणीभांडी सुटली, नातू एमआयडीसीत लागला. गेल्या सणाला त्या खुर्ची टाकून पोत्याशेजारी बसल्या होत्या आणि पोरांना ओरडत होत्या, "मापटं शिगंला भरायचं, सपाट न्हाई!" जाताना त्यांनी ते मापटं माझ्या पिशवीत टाकलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. माज्याच्यानं आता न्हाई उचलत."

काल भावाचा साताऱ्याहून फोन आला. घेवडा फार महाग झालाय, यंदा पोतं नाही जमणार, अर्धंच पाठवतो म्हणाला. म्हटलं, पाठव. फोन ठेवला आणि मापटं चिंच लावून घासायला घेतलं.